दोन पुरुष पाणी

वटार,
१२ मे २००४

तीर्थस्वरूप पॉलिनबाय हिला धाकटा भाऊ निकोलस याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द नुसता शोभेला लिहिलेला नाही. पत्र वाचून होईल तेव्हा मी इकडे खरोखरच आडवा पडलेला आहे असं समज.)

तुझे गुडघे कसे आहेत? नाशिकची थंडी सरली, आता तरी जिना उतरताना कठड्याला धरावं लागत नसेल अशी आशा आहे. थॉमस भावोजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून आनंद झाला. आता त्यांना बारीक अक्षरही वाचता येईल याची मात्र मला थोडी काळजी वाटते, म्हणून शक्य असेल तर हे पत्र आधी तू एकटीने वाच. इकडील सर्व क्षेम आहे. असं लिहायची रीत आहे, आणि छत्तीस वर्षं वर्गात पत्रलेखन शिकवताना या वाक्याला मी अर्धा गुण ठेवत असे, म्हणून लिहिलं. आल्बिना ठीक आहे, ॲल्रॉय ठीक आहे, राजेळी केळीला यंदा चांगले घड आहेत. एकटा मीच ठीक नाही. मला लाज वाटते आहे, बाय. एकसष्टाव्या वर्षी इतकी लाज वाटू शकते हे मला माहीत नव्हतं. ईस्टरला तू फोनवर विचारलंस, यंदा सुकेळी का नाही पाठवली, तेव्हा मी ओरडून "लाइन खराब आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. लाइन चांगली होती. सुकेळी कुठे गेली तेही या पत्रात येणार आहे, पण मला ते ओळीने सांगू दे, नाहीतर माझा धीर मध्येच सुटेल.

ॲल्रॉयचं लग्न ठरलं हे तुला ठाऊक आहे. स्टेफी गुणाची मुलगी आहे, शिकलेली आहे, नोकरी करते. प्रश्न जागेचा. आपल्या घरात खोल्या तीन, आणि त्यातली एक माझ्या नकाशांनी, फुटक्या पृथ्वीच्या गोलांनी आणि जुन्या उत्तरपत्रिकांनी भरलेली. (आल्बिना म्हणते ती सगळी रद्दी विका. मी म्हणतो ते दस्तऐवज आहेत. हा वाद निकालात निघालेला नाही.) तर एके दिवशी जेवताना ॲल्रॉय अगदी शांतपणे म्हणाला की मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून द्या, नाहीतर आम्ही गोखिवऱ्याला फ्लॅट बघितलाय. गोखिवरे! बाय, स्टेशनच्या पलीकडे, पूर्वेला! वर्गात नकाशावर गोखिवरे दाखवायचं तर मला टेबलाला वळसा घालून पलीकडे जावं लागायचं. आल्बिनाच्या डोळ्यांना पाणी आलं. मी रडलो नाही, पण दोन दिवस जेवलोही नाही. (तिसऱ्या दिवशी अर्नाळ्याचे ताजे बोंबील आले होते.) एकुलता एक मुलगा, त्याने वाडी सोडून कुठल्याशा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुंडीत मिरची लावायची, ही कल्पनाच मला सहन होईना. पुढे मी जे जे केलं ते या एका भीतीपोटी केलं. सबब म्हणून सांगत नाही, पण तुला माहीत असावं.

मागची बाजू म्हणजे आपलं बावखल. (भावोजी, तुम्ही नगरकडचे, म्हणून तुमच्यासाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात रहाटाने वाडीला पाणी देतं आणि आजूबाजूच्या विहिरी खारट होऊ देत नाही. आणि हो, वर तुम्हाला वाचू नका म्हटलं होतं.) खरं म्हणजे बावखल "होतं" असं लिहायला हवं. गेल्या दोन वर्षांत रस्त्याच्या कामातून निघालेला डबर आणि माती मी त्यात टाकून घेतली. ट्रकवाले जागा शोधतच असतात, एकदा हो म्हटलं की पुढचा ट्रक विचारायलाही थांबत नाही. मागच्या नाताळात तू आलीस तेव्हा परसदाराला आतून कडी होती आणि मी तुला सांगितलं होतं की मागे गांधीलमाशांचं पोळं झालंय, जाऊ नकोस. पोळं नव्हतं.

नियोजन कार्यालयाने आपला बांधकामाचा अर्ज तीन ओळींत फेटाळला. जुन्या नकाशात सदर ठिकाणी पाण्याची जागा दिसून येते, सबब परवानगी नाकारण्यात येत आहे, याविरुद्ध अपील करावयाचे असल्यास चाळीस दिवसांत करावे. आता तो नकाशा मला नवा नाही. छत्तीस वर्षं तोच नकाशा भिंतीवर टांगून मी मुलांना सांगितलं की माणूस खोटं बोलेल, नकाशा बोलत नाही. त्याच नकाशाविरुद्ध अपील करायला मी जयवंत वकिलाकडे गेलो. (माझाच विद्यार्थी, भूगोलात काठावर पास. मी त्याला तेव्हा नापास करायला हवं होतं असं मला अलीकडे वाटतं, पण चूक त्याची नाही.) त्याने मसुदा केला तो सभ्य होता: सदर जागेत सध्या पाणी साठत नाही. खरंच होतं ते, डबरावर पाणी कसं साठणार? पण मला ते वाक्य लेचंपेचं वाटलं. मी लाल पेन काढलं आणि त्याच्या टेबलावरच ते दुरुस्त केलं: सदर जागेत कधीही, कोणत्याही काळी, कोणत्याही स्वरूपात पाणी नव्हते. जयवंतने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सर, नक्की?" मी म्हटलं, शुद्धलेखनात काही चूक आहे का? तो म्हणाला नाही. मग टाइप झालं. जागा सातबारावर तुझ्या-माझ्या दोघांच्या नावाने, त्यामुळे बरेच कागद जोडावे लागले, त्या तपशिलात मी आत्ता शिरत नाही.

अपील ऐकायला एक स्वतंत्र समिती असते. तिच्यात नकार देणाऱ्या कार्यालयाचं माणूस नाही, बिल्डरचं नाही, गावचं नाही. कार्यालय चुकलं असेल तर कार्यालयाचा कान धरायचा, अर्जदार चुकला असेल तर अर्जदाराचा. यात न समजण्यासारखं काहीच नाही, आणि मला तर ते सगळ्यांत आधी समजायला हवं होतं, कारण मी स्वतः अकरा वर्षं बहिःस्थ परीक्षक होतो. तुला ती हेडमास्तरांच्या कोंबडीची गोष्ट आठवत असेलच. परीक्षा घ्यायला गेलो, हेडमास्तरांनी कोंबडी शिजवून ठेवली होती, आणि मी "परीक्षकाला शाळेचं पाणीही वर्ज्य" असं म्हणून पटांगणातल्या झाडाखाली बसून घरची भाकरी खाल्ली. (किती वेळा सांगितली ते आल्बिनाला विचार. तिने एकदा मोजायला सुरुवात केली होती.) तो मी! आणि समितीचं पत्र हातात पडताच माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "ही बाई कुणाची?"

बाईंचं नाव सुमेधा नाडगौडा, निवृत्त न्यायाधीश, समितीच्या अध्यक्ष. आता आपल्याकडे माणूस कुणाचा तरी असतोच. कुणाची मावशी, कुणाच्या ऑफिसातली, कुणाच्या शेजारी राहिलेली, काही ना काही धागा निघतो आणि मग तो धरून वर चढता येतं. मी पंधरा दिवस धागा शोधला. मुंबईला बँकेत असलेल्यांना विचारलं, कोर्टात जाणाऱ्यांना विचारलं, एका लग्नात वधूपित्याला बाजूला घेऊन विचारलं. बाई कुणाचीच निघेना. मला त्या बाईचा राग यायला लागला. इतकं वय झालं तरी एकही उपयोगाचा नातेवाईक नाही म्हणजे काय? शेवटी आपल्या ॲन्सेल्मने बातमी आणली की बाईंना गोड आवडतं. (आपला चुलतभाऊ कधी रिकाम्या हाताने परत येत नाही हे तुला माहीत आहे. हे त्याला कुणी सांगितलं असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "गोड कुणाला आवडत नाही?")

तर तुझी सुकेळी, आपल्याच राजेळीची उन्हात वाळवलेली, तिकडे गेली. तुझ्यासाठी केळीच्या सोपात बांधून ठेवलेलं तेच पुडकं मी उचललं, वर "वाडीचा प्रसाद" अशी चिठ्ठी लावली आणि रजिस्टरने पाठवून दिलं. (प्रसाद नाकारता येत नाही असा माझा हिशेब. ख्रिस्ती माणसाने एका हिंदू बाईला कायद्याच्या कामात प्रसाद पाठवायचा! फादरांना हे कसं सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.) नवव्या दिवशी पुडकं परत आलं. सोबत पत्र: अपिलार्थी यांजकडून प्राप्त सुकेळी, नग अठ्ठेचाळीस, न उघडता परत करण्यात येत आहे, सदर बाब अभिलेखात नोंदवून तीस परिशिष्ट ग असे संबोधण्यात आले आहे, प्रत माहितीसाठी नियोजन कार्यालयाकडे. (आकडा बरोबर होता. पोस्टात कुणी काढू नये म्हणून मीच तो पुडक्यावर लिहिला होता.) त्यानंतर मी नियोजन कार्यालयात गेलो की तिथले कारकून अतिशय आदराने उठून उभे राहतात आणि विचारतात, "सर, आज परिशिष्ट आणलं नाही?"

इतकं झाल्यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. समितीने जागा पाहायला येत असल्याचं कळवलं, तारीख २६ एप्रिल, सकाळी अकरा. मी चार दिवस तयारी केली. डबरावर लाल माती पसरली, त्यावर कोंबड्यांचं खुराडं नेऊन ठेवलं, कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिच्यावर माझे बनियन आणि आल्बिनाच्या साड्या अशा टांगल्या की तिथे तीन पिढ्या कपडेच वाळत आले आहेत असं वाटावं. राहिल्या त्या पायऱ्या. आपल्या बाबांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या, बावखलात उतरायच्या. खालच्या बुजल्या, वरच्या चार तशाच राहिल्या, त्या काही केल्या उपटेनात. त्यामुळे आपल्या वाडीत सध्या चार पायऱ्या खाली उतरून सरळ जमिनीत जातात.

बाई आल्या. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. सोबत त्यांचा लेखनिक हरेश्वर, चाळिशीचा, जन्माने आणि बोलण्याने पक्का लालबागचा, खांद्याला टेप आणि बगलेत फाइल. मी पुढे होऊन या बसा म्हटलं. बाई म्हणाल्या उभेच बरे आहोत. आल्बिनाने सरबत आणलं, बाईंनी हात जोडले आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली. हरेश्वरनेही स्वतःची काढली, पण सरबताकडे बघत बघत. बाय, आपल्या ओट्यावर आलेलं माणूस पाणी न घेता परत गेल्याचं तुला आठवतं का? बाबांशी कोर्टात भांडणारा पाटीलसुद्धा येऊन चहा पिऊन जायचा आणि मग भांडायचा. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. हेडमास्तरांच्या कोंबडीची आठवण त्या क्षणी झाली नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

हरेश्वरने टेप लावून मोजमापं घेतली. पायऱ्यांपाशी तो थांबला आणि म्हणाला, "सर, या कुठे जातात?" मी म्हटलं शोभेच्या आहेत. त्याने लिहिलं: पायऱ्या, चार, शोभेच्या. इतक्यात एक बगळा आला. दरवर्षी येतो तोच असणार, तसाच संथपणे उतरला, माझ्या बनियनांखाली एका पायावर उभा राहिला आणि मान वाकडी करून लाल मातीकडे बघत बसला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं तो पक्षी तिथे मासा शोधत होता, बाय. बाईंनी काही विचारलं नाही. मी म्हणालो की हल्ली पक्ष्यांचंही काही खरं नाही. त्यावरही त्यांनी काही विचारलं नाही.

ऊन चढलं तशा बाई उंबराच्या सावलीला, वरच्या पायरीवर टेकल्या. काम झालं होतं. हरेश्वर कागद लावत होता. आणखी पाच मिनिटं मी तोंड मिटून राहिलो असतो तर त्या उठून गेल्या असत्या. पण पाणी नाही, चहा नाही, आणि वर बोलणंही नाही! घरी आलेल्या माणसाला काहीच द्यायचं नाही हे मला झेपेना. बाई नुसतं ऊन टळायची वाट बघत म्हणाल्या, "तुमचं लहानपण इथेच गेलं का?" साधा प्रश्न. याचं उत्तर "हो". आणि मी, बाय, मी गोष्ट सुरू केली.

कुठली ते तुला सांगायला नको. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, ॲल्रॉयच्या साखरपुड्यातही मी ती सांगितली. मी सहा वर्षांचा, तू अकराची, रहाटाच्या माळेतला डबा धरायला मी वाकलो आणि आत गेलो. बाबा बाजारात, आई सांडग्यांना ऊन दाखवतेय, आणि तू हातातली केळीची पानं टाकून परकराचा काचा मारून उडी घेतलीस आणि माझे केस पकडून वर ओढलंस. आता माझं चातुर्य बघ. तोंडावर माझा इतका ताबा होता की पाणी हा शब्द मी येऊ दिला नाही. "आत गेलो", "खाली गेलो", "वर काढलं", असंच म्हणत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आल्बिना खोकत होती. इतकी खोकली की हरेश्वरने उठून तिला खिशातली खोकल्याची गोळी नेऊन दिली. मी रंगात आलो होतो. पायरीवर उभा राहून, हात वर करून म्हणालो, आणि त्या वेळी इथे दोन पुरुष होतं!

"होतं" म्हणालो मी. हरेश्वरने "होते" लिहिलं. कारण शेवटी रिवाजाप्रमाणे त्याने वाचून दाखवलं: अपिलार्थी बालपणी सदर ठिकाणी खड्ड्यात पडले, त्या वेळी तेथे दोन पुरुष होते, अपिलार्थीस त्यांची बहीण पॉलिन हिने बाहेर काढले.

समजलं तुला? मी सुटलो होतो. खड्डा! कोरडा खड्डा, त्यात एक मूल पडलं, दोन बाप्ये तिथे उभे होते. देवदूताने येऊन लिहून दिलं असतं तरी इतकं सोयीचं लिहून दिलं नसतं. पण बाईंनी भुवया वर केल्या आणि विचारलं, "दोन पुरुष हजर होते, तरी अकरा वर्षांच्या मुलीला उतरावं लागलं? मग ते काय करत होते?" आणि हरेश्वर म्हणाला, "त्यांनी वरनं धरलं असेल मॅडम, पोरगी एकटी कशी काढणार?" बाय, माझं डोकं फिरलं. चोपन्न वर्षं मी ती गोष्ट सांगतोय, तिच्यात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि हा लालबागचा गृहस्थ तुझ्या शेजारी दोन बाप्ये आणून उभे करतो! आणि वर व्याकरण चुकीचं! मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, "अहो, पुरुष म्हणजे माणूस नव्हे, पुरुष म्हणजे खोली! माणसाने हात वर केला की एक पुरुष! दोन पुरुष पाणी होतं इथे, बारा फूट, आणि माझी बहीण त्यात एकटी उतरली, एकटी!"

खिडकीतला खोकला थांबला. बगळा उडाला. कोंबड्यांचं मला आठवत नाही.

बाईंनी हरेश्वरला आधीचं वाक्य खोडायला सांगितलं आणि हळू आवाजात नवीन सांगितलं: त्या वेळी तेथे दोन पुरुष, म्हणजे सुमारे बारा फूट, पाणी होते. मग मला विचारलं, बरोबर आहे ना सर? त्यांनी मला पळवाट ठेवली होती. म्हातारपणी आठवण दगा देते, गोष्ट रंगवून सांगितली, काहीही म्हणता आलं असतं. मी कागद घेतला, "सुमारे" मधला सु दीर्घ वाटत होता तो नीट केला आणि सही केली. सहीखाली रेघसुद्धा ओढली. जाताना बाई म्हणाल्या, "गोष्ट छान सांगता तुम्ही." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, पण टोमणा नव्हता. त्या बाईला आपल्या कुणाशी काही देणंघेणं नाही, आणि तिने तुझी गोष्ट जितकी नीट ऐकली तितकी चोपन्न वर्षांत कुणी ऐकली नाही. मी तिचा धागा शोधत फिरत होतो. धागा असता तर ती गालात हसली असती, सरबत प्यायली असती आणि खड्डाच राहू दिला असता.

दारापर्यंत गेल्यावर बाईंनी फाइल उघडून मला आणखी एक प्रश्न विचारला. मी दार उघडून धरलं. तो प्रश्न इथे लिहीत नाही, पत्र आधीच लांबलं आहे. त्या दिवसापासून मी मागे गेलो नाही. शेजारच्या लुसीआईच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं असं परवा ती म्हणाली. "निकोलस, पानी उतरलं रे," एवढंच म्हणाली आणि कळशी घेऊन गेली. तिला कारण माहीत नसेल असं समजण्याइतका मी खुळा नाही. पापनिवेदनाला गेलो तेव्हा खोटं बोललो असं मोघम सांगितलं. फादरांनी तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. बारा फुटांना तीन, म्हणजे फार स्वस्तात सुटलो, आणि तेही आत नीट सांगितलं नाही म्हणून.

तर असं आहे. प्रकृतीला जप, गुडघ्यांना तेल लाव, भावोजींना डोळ्यांत थेंब वेळेवर घालायला सांग. लहानांना आशीर्वाद, मोठी आता तूच राहिलीस.

तुझा,
निकोलस

ता. क. सुकेळी सोबत पाठवत आहे. वेष्टनावर परिशिष्ट ग असा शिक्का आहे तो काढून खावी. अठ्ठेचाळीस आहेत.

ता. क. २ तो प्रश्न लिहायलाच हवा, कारण पत्र त्याच्यासाठी लिहिलं आहे. बाईंनी फाइलमधला एक साधा कागद दाखवला आणि विचारलं, "तुम्हाला पाण्यातून काढणारी बहीण ती हीच का?" त्या कागदावर लिहिलं आहे: मी, पॉलिन, सहहिस्सेदार, लिहून देते की सदर जागेत मला कळू लागल्यापासून मी पाणी पाहिलेले नाही. खाली तुझी सही आहे. ती मी केली. "प" चा गोल तू जसा अर्धा सोडतेस तसाच सोडला, फार हुबेहूब झाली. जयवंतला पोस्टाने आली असं सांगितलं. तुला पाठवायला वेळ नव्हता असं मी स्वतःलाही सांगितलं, पण चाळीस दिवस होते आणि नाशिकला पत्र तीन दिवसांत पोचतं. तू नाही म्हणशील हे माहीत होतं म्हणून पाठवलं नाही. आता समितीची नोटीस तुझ्याकडे येईल. सही आपली आहे का, मजकूर खरा आहे का, एवढंच विचारतील. माझी विनंती आहे की तू हो म्हणावंस. एक अक्षर आहे, बाय. चौथीत मी गणितात नापास झालो तेव्हा माझ्या प्रगतिपुस्तकावर तूही बाबांची सही केली होतीस, त्याची आठवण ठेव.

ता. क. ३ सकाळी पाकीट चिकटवून टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आणून फाडलं. वरची विनंती खोडणार होतो, पण खोडत नाही. मी काय मागितलं होतं ते तुझ्या डोळ्यांखालून गेलेलं बरं. प्रगतिपुस्तकाची आठवण मी तुला अर्धीच करून दिली. सही केलीस त्याच संध्याकाळी तू बाबांपुढे जाऊन सांगितलंस की ही सही मी केली. मार तू खाल्लास आणि मी रहाटामागे लपून बघत होतो. नापास मी झालो होतो. आत्ता आल्बिनाला आणि ॲल्रॉयला सगळं वाचून दाखवलं. ॲल्रॉय म्हणाला, गोखिवऱ्याहून रविवारी येत जाईन. आल्बिना रडली. मीही रडलो, आणि आज बोंबील आले तरी जेववणार नाही असं वाटतं. अपील जाईल, सहीबद्दल काय व्हायचं ते होईल, डबर काढायला ट्रकवाल्यांना सांगितलंय, पण न्यायला कुणी येत नाही. तू नोटिशीला उत्तर लिही: सही माझी नाही, पाणी होतं. किती होतं असं विचारलं तर दोन पुरुष लिही, आणि हरेश्वरसाठी कंसात खोली असं लिही. माझ्याकडे बघून हात आखडू नकोस. मागच्या वेळी केसांना धरून वर काढलं होतंस. केस आता राहिले नाहीत, बाय. कान आहेत, कानाला धर.